आमच्या घरातला पहिला कर

आमच्या घरी मिळकतीवरच्या कराची नोटीस आली, त्या दिवशी मामंजींनी पेढे वाटले. हे मी कुणाला सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं, पण पेढ्यांची ताटली घेऊन चाळभर फिरले ती मीच.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. ढोकीच्या अलीकडं, छोट्या रेल्वेच्या रुळाला लागून कापसाचं एक जिनिंग होतं. गाव त्याला नुसतं जिन म्हणायचं. शेतकऱ्यांच्या गाड्या कापूस घेऊन यायच्या, आत सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या गठाणी बांधून रेल्वेत चढायच्या. मालक बार्शीकडचे, म्हणजे इंग्रजी हद्दीतले. माझे यजमान तिथं इंजिनवाले. बॉयलर, इंजिन, पट्टे, सगळं त्यांच्याकडं. लढाईच्या दिवसांत महागाईभत्ता वाढत गेला, तसा त्यांचा पगार आमच्या मानानं चांगलाच झाला होता. जिनाच्या आवारातल्या चाळीतच आम्हाला दोन खोल्या होत्या, पुढं ऐसपैस ओटा. घरात आम्ही दोघं, मामंजी आणि लग्नाला आलेली नणंद. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

मामंजींनी उभा जन्म दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरण्यात घालवला होता. कर म्हणजे मोठ्या लोकांची गोष्ट, हे त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून पाहिलेलं. शेटजींकडं सरकारी माणूस यायचा, शेटजी त्याला गादीवर बसवायचे, मग आतून कपाटाच्या किल्ल्या वाजायच्या. जमिनीचा सारा सगळेच भरत, त्यात काही विशेष नव्हतं. पण मिळकतीवरचा कर राज्यात नवीनच आला होता, आणि तो आपल्या दारात येईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्यामुळं चपराश्यानं ओट्यापाशी थांबून यजमानांचं नाव विचारलं, तेव्हा मामंजींनी आधी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि मगच हात पुढं केला.

कागद उर्दूत होता. घरात कुणालाच धड उर्दू वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय ते तर कळू द्या, अप्पा," यजमान म्हणाले. "मग पेढ्याचं बघू."

"शिक्का हाय, तुजं नाव हाय, रुपयाचा आकडा हाय. आनखी काय कळायचं ऱ्हायलं?" मामंजी म्हणाले आणि कुंथलगिरीकडच्या खव्याचे पेढे विकणाऱ्याला त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली.

त्यांना घाई असायला आणखी एक कारण होतं. नणंदेसाठी अणदूरचं एक स्थळ चाललं होतं. मुलाच्या वडिलांचं पेंड-सरकीचं आणि धान्याचं मोठं दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी, आमच्यासारखीच गळ्यात लिंग असणारी माणसं. पण पैशानं आमच्यापेक्षा बऱ्याच वरची. बोलणी होईना, मोडेनाही. नोटीस आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामंजींनी अणदूरला जाणाऱ्या एका गाडीवाल्याच्या हाती निरोप धाडला. सगळं खुशाल आहे, मुलगी बरी आहे आणि यंदा आमच्या चिरंजिवाला सरकारनं कर बसवलाय.

आठवड्याभरात उलटा निरोप आला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलाचे आईवडील बोलणी करायला येत आहेत.

इकडं आकडा पाहून यजमानांचा चेहरा मात्र उतरला होता. अंक तेवढे त्यांना वाचता येत होते. आमच्या घरचा महिन्याचा किराणा त्यात सहज आला असता. ते म्हणाले, "मला कळत न्हाय. बार्शीत माझ्याएवढा पगार घेणारा फिटर हाय. त्याला असली नोटीस न्हाय."

याचा उलगडा करायला आम्ही पेशकारसाहेबांकडं गेलो. हे तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालचे अंमलदार, होते आणि आता वजिफ्यावर घरी बसले होते. वजिफा म्हणजे त्या वेळची सरकारी पेन्शन. जिनाच्या मागं त्यांची आमराई होती. संध्याकाळी ते तिथं बाजेवर बसत, आणि गावातला उर्दू कागद ज्याच्या त्याच्या हातून त्यांच्याकडंच येई. त्यांनी चष्मा लावला, नोटीस एकदा सरळ वाचली आणि हसले.

"तुमचा पगार कलदारात की हालीत?"

"कलदारात. मालक बार्शीचे."

"मग झालं. कलदारात तुम्ही गरीब, हालीत श्रीमंत."

निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, इंग्रजी हद्दीत कलदार. हाली जरा हलका. शंभर कलदार मोडले की हालीचे सोळा-सतरा वर येत. कर कुणाला लावायचा याची सरकारनं मिळकतीची एक हद्द आखून दिली होती. यजमानांचा पगार कलदारात, म्हणजे बार्शीत मोजतात तसा मोजला तर त्या हद्दीच्या आत राही. हालीत मोजला की हद्द ओलांडून पलीकडं. पैसा तोच, बाजारात माल तेवढाच यायचा, पण कागदावर आम्ही मोठे झालो होतो.

यजमान तिथंच बाजेच्या कडेला टेकले. "म्हंजे आता भरायचाच."

पेशकारसाहेबांनी कागद उलटा केला. पाठीमागं बारीक अक्षरात काही होतं. ते बोट फिरवत वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "पगारातून तुमचं काही कटतं का? कुठल्या फंडात वगैरे?"

"कटतो की. रुपयाला एक आणा."

"आणि मालक?"

"मालक बी तेवढाच टाकतात. नोकरी सुटल्यावर सगळं मिळून मिळायचं म्हनं."

"हौ, तो फिर सुनो." पेशकारसाहेबांना खुशी झाली की ते दखनीत शिरत. "इथं लिखा है, असा फंड मंजूर असला, तर त्यात जाणाऱ्या रकमेवर सूट मिळेल. अर्ज करना पडता, हिशेब देना पडता." मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "सूनबाई, माझा वजिफा सरकार देतं. तुझे यजमान आपला वजिफा आपणच साठवतायत. त्यावर सरकार कर घेणार नाही, एवढीच मेहेरबानी आहे."

तोपर्यंत त्या फंडाकडं आम्ही एक नुकसान म्हणूनच बघत होतो. पगाराच्या दिवशी यजमान पैसे माझ्या हातात देत आणि न चुकता म्हणत, "फंडाला गेलं ते गेलंच." ते कुठं जातं, कधी परत येतं, याची आमच्या घरात कधी चर्चाच झाली नव्हती. म्हातारपण तेव्हा फार लांब होतं.

फंडाच्या नियमांचं एक पातळ पुस्तक जिनाच्या कचेरीत पडून होतं, तेही इंग्रजीत. यजमानांना यंत्रांची पुस्तकं वाचून वाचून इंग्रजी बऱ्यापैकी येई. पेशकारसाहेबांना उर्दू येई. राहिलं गणित. माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांनी माझ्याकडून सातवीपर्यंतचं अंकगणित घरी करून घेतलं होतं, व्याजासकट. लग्नात यातलं काही कुणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या ओट्यावर बैठक बसली. पेशकारसाहेब खुर्चीवर, यजमान पायरीवर, मी उंबऱ्याच्या आत मांडीवर पाटी घेऊन, आणि नणंद माझ्या पाठीशी. मामंजी जरा लांब खांबाला टेकून बसले होते. हे सगळं कशासाठी चाललंय ते अजून त्यांना नीट सांगितलं नव्हतं.

पेशकारसाहेब नोटिशीतलं एक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगत. यजमान पुस्तकातलं एक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगत. दोन्ही अर्थ जुळले की मी पाटीवर एक ओळ मांडायची. पहिल्या झपाट्यात मी वर्षाचा पगार हालीत केला, त्यातून फंडातले पैसे वजा केले, आणि काय सांगू, आम्ही हद्दीच्या चांगलेच आत आलो! कराचं नावच उरलं नाही.

"वैनी, सुटलो!" नणंद ओरडली.

पेशकारसाहेबांनी पाटी मागून घेतली. बराच वेळ बघितलं. "सूनबाई, यात मालकाचा आणाही वजा केलास?"

"हो. दोघांचा मिळून फंड."

"मालकाचा आणा तुझ्या यजमानांच्या पगारात आला होता का कधी?"

मी विचार केला. नव्हता आला. मालक तो परस्पर फंडात टाकत. पगारात जो आलाच नाही तो पगारातून वजा कसा करायचा? मी जीभ चावली आणि पाटी ओल्या फडक्यानं पुसली. यजमान गालातल्या गालात हसत होते. मी म्हटलं, "हसताय काय? तुमीच दोघांचा म्हणून वाचून दाखवलंत."

दुसऱ्यांदा फक्त आमचा आणा वजा केला. या वेळी आकडा हद्दीच्या अगदी जवळ आला, पण थोडा वरच राहिला. त्या उरलेल्या तुकड्यावर कर धरला, तर किराण्याच्या जागी दोन चोळखणांचे पैसे पुरत होते. पेशकारसाहेबांनी तोंडी हिशेब करून तो पडताळला. यजमानांनी पुन्हा एकदा केला. तिघांचं उत्तर एकच आलं.

"आता हे ठीक," पेशकारसाहेब म्हणाले. "फंड मंजूर आहे असं मालकाकडून लिहून आणा. बाकी अर्ज मी उर्दूत लिहून देतो."

यजमान इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहाचं आधण ठेवलं. त्या काळी आमच्या चाळीत पुरुषमाणूस चुलीपाशी गेला की शेजारणी डोकावून बघत, तशा बघितल्याच.

मामंजी मात्र खांबाला टेकूनच होते. पेशकारसाहेब गेल्यावर त्यांनी यजमानांना विचारलं, "म्हंजे कर कमी झाला?"

"लई कमी झाला, अप्पा."

"किती ऱ्हायला?"

यजमानांनी सांगितलं. मामंजींनी दोन्ही हातांनी रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला. "अरं, मग अणदूरच्यास्नी काय सांगू म्या? कर बसला म्हनून तर ते यायलेत. एवढ्याशा कराला कोन कर म्हनंल?"

"मग काय, नसता कर भरायचा?"

"ह्या एका साली भरून टाक. पोरीचं लगीन होऊ दे. फुडल्या साली घे सूट."

यजमान सहसा वडिलांना उलटून बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. बोलली ती नणंद. हातात पिठाची परात घेऊन ती दारात उभी होती. "अप्पा, मला त्या घरात नांदायला धाडताय का सरकारचा खजिना भरायला? दादाचं पैसं उगं कशाला घालवता? तेवढ्यात माजी पैठणी हुईल."

"पैठनी न्हाय व्हायची एवढ्यात," मामंजी म्हणाले.

"मग इरकली हुईल."

मामंजींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. शेवटी असं ठरलं, की सूट मागणारा अर्ज करायचा, मात्र पाहुण्यांपुढं कराचा विषय आपण होऊन काढायचा नाही. काढलाच कुणी, तर मामंजी बोलतील, बाकीच्यांनी गप्प बसायचं. यजमानांना त्यांनी दोनदा बजावलं, कारण यजमानांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या जिनाला माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील, अणदूरचे शेटजी, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, आवाज खणखणीत. त्यांच्या बायको सावळ्या, बारीक अंगाच्या, इरकली लुगडं नेसलेल्या आणि अगदी कमी बोलणाऱ्या. मी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती, आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. शेटजी जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच म्हणाले, "मग काय, कर किती बसला म्हणायचा?"

मामंजींच्या घशात भाकरी अडकली. ते खोकू लागले, मी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि तेवढ्या अवधीत शेटजींनी तोंड यजमानांकडं वळवलं. "किती हो?"

"आधी जास्त बसला होता," यजमान म्हणाले. "आता थोडाच ऱ्हायलाय."

शेटजींचा हात ताटातच थांबला. "का बरं? पगार कमी झाला काय?"

त्या एका प्रश्नात सगळं लग्न बुडतंय असं मला वाटलं. मामंजी खोकत हातानं नको नको म्हणत होते. यजमान सांगायला लागले, पण कराचं सोडून ते बॉयलरवर गेले. वाफ जास्त झाली की झडप कशी उघडते, तसा हा फंड वगैरे. शेटजींना काही कळेना. शेवटी यजमान घामाघूम होऊन म्हणाले, "हिनं हिशेब केलाय. ती नीट सांगंल."

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. सोयरिकीच्या बोलणीत सुनेनं पुढं होऊन बोलायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. मी मामंजींकडं पाहिलं. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि एकदाची मान हलवली. "सांग पोरी. आता सांगूनच टाक."

मी सांगितलं. पगार कमी झालेला नाही, उलट वाढलाय. त्यातला रुपयाला आणा फंडात जातो, मालक तेवढाच आणा वरून घालतात. नोकरी संपली की ते सगळं व्याजासकट हातात येतं. आणि त्या साठवलेल्या पैशावर सरकार कर धरत नाही, म्हणून कर उतरला. कलदार-हालीचंही सांगितलं. 

शेटजी ऐकत ऐकत जेवत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं, मला असा फंड काढता येतो का? मला तर लई कर बसलाय."

"तुमी मालक आहात ना," मी म्हटलं. "हा नोकरी करणाऱ्यासाठी आहे. तुमच्या दिवाणजींसाठी काढता येईल."

"म्हंजे सूट माझ्या दिवाणजीला, अन् मला न्हाय?" शेटजींनी भाकरीचा तुकडा रागानंच मोडला. "हा कुठला न्याय?"

इतका वेळ त्यांच्या बायको माझ्याशेजारी बसून मुकाट ऐकत होत्या. जेवण अजून त्यांचं व्हायचं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे पैसं म्हातारपनी त्याच्या हातात येनार? कुनाला मागायला नको?"

"कुणालाच नको."

"ल्योकाला बी नको?"

"लेकालाही नको."

 मग त्या दाराआडूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं नवऱ्याला म्हणाल्या, "आपला पोरगा दुकानात कोन हाय?"

शेटजींनी मान वर केली. "कोन हाय म्हंजे? ल्योक हाय."

"मालक हाय?"

"मी असताना तो कसा मालक?"

"मग नोकर हाय?"

"छ्या! घरचा पोरगा नोकर व्हय?"

"म्हंजे मालक बी न्हाय, नोकर बी न्हाय. पाटे उठल्यापास्नं पोती उचलतोय. त्याला पगार न्हाय, फंड न्हाय, काय न्हाय. उद्या ही पोर घरात आली, तिला बांगड्या भरायच्या असल्या तर तिनं तुमच्याफुडं हात पसरायचा. मी पसरला तसा."

  शेटजींनी कानडीत काहीतरी म्हटलं, बहुधा इथं नको, घरी बोलू, असं. बाईंनी कानडीतच उत्तर दिलं आणि मग आमच्यासाठी म्हणून मराठीत सांगितलं, "घरी तुमी ऐकत न्हाय म्हनून इथं बोलले. पोराला महिन्याचा पगार द्या. मग सुपारी फोडा."

मुलाच्या आईनं मुलाच्याच बापापुढं अट घातली, असं मी त्यानंतर कुठल्या बोलणीत पाहिलं नाही. मामंजी तर हात जोडूनच बसले. खरं म्हणजे त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

शेटजींनी ताटातली हुग्गी संपवली. आणखी मागितली. तीही संपवली. हात धुतले. मग मिशीवरनं ओला हात फिरवत मामंजींना म्हणाले, "पावनं, तुमची पोरगी माझ्या घरात यायच्या आधीच मला खर्चात पाडायलीय."

"पोरगी न्हाय, तुमचीच मंडळी," मामंजी चटकन म्हणाले आणि आपणच दचकले.

शेटजी मोठ्यानं हसले. खांदे हलेपर्यंत हसले. "हे मातर खरं," ते म्हणाले. "काढा सुपारी."

आत नणंद माझ्या हाताला चिमटे घेत होती, इतके की दुसऱ्या दिवशी माझा दंड निळा होता. हुंड्याची गोष्ट निघाली तेव्हा शेटजींनी ती स्वतःच आवरती घेतली. बायकोपुढं आणखी एक हार त्यांना नको असावी.

मालकांकडून फंडाचं पत्र यायला बरेच दिवस लागले. त्यांच्या कचेरीतल्या माणसानं सोबत लिहिलं होतं, की असं पत्र आजवर कुणी मागितलं नव्हतं, तेव्हा नमुना आमच्याकडं नाही, तुम्हीच मजकूर लिहून पाठवा, सही करून देतो. मग यजमानांनी इंग्रजीत मजकूर केला, पेशकारसाहेबांनी त्याच्या जोडीला उर्दू अर्ज केला, आणि सगळं धाराशिवला गेलं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद असे, आम्ही घरात धाराशिवच म्हणायचो. उत्तर आमच्या बाजूनं आलं. आम्ही काढलेल्या आकड्यात थोडा फरक होता, पण तो पै-पैशांचा.

तो उरलेला कर पगारातून परस्पर कापून घेता आला असता. मामंजी तयार होईनात. "घराण्यातला पयला कर हाय. म्या माज्या हातानं भरनार." लग्न अजून व्हायचं होतं, काम फार होतं, तरी ते एका सकाळी ठेवणीतला काळा कोट घालून मोटारीनं धाराशिवला गेले. सोबत जुन्या दुकानातले दोन दोस्त. खजिन्याच्या खिडकीवरच्या कारकुनानं रक्कम बघितली आणि विचारलं, एवढ्यासाठी तिघं कशाला आलात? मामंजी म्हणाले, एक भरायला, दोघं बघायला. हे आम्हाला त्या दोस्तांनी सांगितलं. मामंजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की पावती मिळाली आणि खिडकीवरचा माणूस अदबीनं वागला. येताना त्यांनी नणंदेसाठी इरकली आणली होती. तिचे पैसे कुठून आले हे कुणी विचारलं नाही.

लग्न अणदूरला खंडोबाच्या देवळाजवळच्या मांडवात झालं. पेशकारसाहेब आमच्याकडून आले होते, शेरवानी घालून, आणि शेटजींनी त्यांना शेजारी बसवून मांडवातच आपल्या कराचे कागद दाखवले. पेशकारसाहेबांनी ते वाचले आणि सांगितलं, की शेटजी, यात कुठंच सूट नाही, जेवायला बसा.

नणंदेच्या नवऱ्याला पगार सुरू झाला. शेटजी पहिले काही महिने तो देताना चारदा मोजत आणि एकदा उसासा टाकत, असं नणंद माहेरी आली की नक्कल करून दाखवायची. मग त्यांना सवय झाली. पुढं लवकरच निजामाचं राज्य गेलं. मधले काही महिने वाईट होते, पेशकारसाहेबांचा वजिफाही अडकला होता. तो सुटेपर्यंत त्यांच्या घरी दूध आमच्याकडून जाई आणि आंबे त्यांच्याकडून येत. त्याबद्दल दोन्ही घरांत कधी बोलणं झालं नाही.

माझ्या बाबतीत एक झालं, की मी पाटी घेऊन हिशेब करते ही गोष्ट चाळीत पसरली. जिनातल्या माणसांना फंडात घ्यायला मालक तयार होते, पण माणसंच जात नव्हती. आणा कापला की गेला, हीच सगळ्यांची समजूत, आमची होती तशी. आता त्यांच्या बायका दुपारी ओट्यावर यायला लागल्या. कर नावाच्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्यांच्या पगाराला तो कधी लागणारच नव्हता, म्हणून सूट वगैरे मी सांगतच नसे. मालक वरून एक आणा घालतो, एवढं सांगितलं की पुरे होई. बायका घरी जाऊन नवऱ्यांना धाडत. यजमान कचेरीत अंगठे घेत.

जिनात बारमाही कामावर एक बाई होती. रुईच्या खोलीची झाडलोट करायची, कामगारांना पाणी द्यायची. नवरा नव्हता. तिनं एकदा विचारलं, "बायांस्नी हाय का ते?" नियमांच्या पुस्तकात पुरुष असंही नव्हतं आणि बाई असंही नव्हतं. यजमानांनी मालकांना विचारलं. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं, की कायम कामावर असेल तर हरकत नाही. तिचा अंगठा घेतला, तेव्हा ती शाई लुगड्याला लागेल म्हणून हात लांब धरून घरापर्यंत गेली.

पगाराच्या दिवशी ती तडक आमच्या ओट्यावर आली आणि मूठ उघडून माझ्यापुढं धरली. "बाई, पैसं कमी हायती."

मला वाटलं, हिला समजावून सांगण्यात माझंच काहीतरी चुकलं. मी म्हटलं, "अगं, तो फंडाचा आणा कापलाय. मी सांगितलं होतं ना?"

"व्हय, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "माजा कापला, ते दिसतंय. मालकानं त्येचा टाकला का न्हाय, ते जरा बघून सांगा."

चुलीवर आमटी होती. मी ती उतरवली, पदर खोचला आणि तिच्याबरोबर जिनाच्या कचेरीकडं निघाले.